कोथरूडचं 1989 चं किचन: फुल रिनोव्हेशनच्या आधीची डागडुजी, सात आठवड्यांत काय काय झालं

तर मंडळी, एप्रिलच्या शेवटी हात घातला होता, आता जून मध्यावर आलाय, आणि सांगण्यासारखं बरंच साचलंय म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते. बिल्डिंग 1989 ची, किचन 8 बाय 10 चं, एल शेपचा कडप्प्याचा ओटा, त्याच्यावर दोन फुटांपर्यंत 6 बाय 6 च्या पांढऱ्या टाइल्स, खाली चॉकलेटी सनमायकाची कपाटं, एका भिंतीला स्टीलची मांडणी आणि वर एक जुनी ट्यूबलाइट. फुल रिनोव्हेशन पुढच्या वर्षी दिवाळीनंतर करायचंय कारण भिंतीतले जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप, वायरिंग आणि ओटा हे सगळं एकदमच फोडावं लागणार आणि त्याचे पैसे अजून जमवतोय. पण तोवर दीड वर्ष त्या काळवंडलेल्या किचनमध्ये रोज उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून ठरवलं की 10,000 रुपयांच्या आत, भिंत न फोडता, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने जेवढं होईल तेवढं करायचं, आणि पैसे शक्यतो अशाच गोष्टीवर घालायचे जी नंतर नव्या किचनमध्ये उचलून नेता येईल.

पहिले दोन रविवार नुसती सफाई. ही पायरी कुणीही गाळू नका, कारण तेलकट थरावर ना रंग धरत ना सिलिकॉन ना ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात ते). धुण्याचा सोडा घ्या, खायचा नाही, कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे बादलीला, हातमोजे घालून. कपाटांच्या वरच्या बाजूला, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे फोडणीच्या तेलाचा आणि धुळीचा असा चिकट पिवळा थर होता की जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढावा लागला. मांडणी भिंतीवरून उतरवली आणि बाल्कनीत नेऊन धुतली, तिच्या मागची भिंत मूळ कुठल्या रंगाची होती ते तेव्हा कळलं, फिकट मोरपंखी! एक सावधगिरी सांगते, सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचं काही बुडवू नका, काळं पडतं. आमच्या एक्झॉस्टची पाती पत्र्याची आहेत म्हणून चाललं.

झुरळांचा जेल याच वेळी लावून घेतला, बिजागऱ्यांच्या आतल्या बाजूला बारीक ठिपके. फटी बुजवण्याच्या आधी हे करायचं, नंतर नाही.

आता ओटा. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण या सगळ्या कामात मला सर्वात जास्त शिकवलं ते ओट्याने.

आमचा प्लॅन सुरुवातीपासून असा होता की कडप्पा शेवटी जाणारच, त्याच्या जागी ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ, मग त्याच्यावर आत्ता कशाला खर्च करा. कडेने कपचे उडालेले, सिंकजवळ पांढरे डाग, गॅसखाली राखाडी पट्टा. बरेच जण अशा ओट्यावर मार्बल डिझाइनचा चिकटवायचा पेपर लावतात, मीही तेच करणार होते. पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा दगड आणला तेव्हा यात तोंड दिसायचं." त्या वाक्यावरून मी एक कोपरा घासून बघितला.

कडप्पा हा आंध्रातल्या कडपा भागातला काळा चुनखडीचा दगड. चुनखडी म्हणजे आंबट पदार्थ त्याचा वैरी. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे संडास-बाथरूमचं ॲसिड, हे सगळं त्याच्या पॉलिशला खातं आणि तिथे पांढरट खरखरीत डाग पडतो. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्यांना डाग समजून अजून जोरात लिंबाच्या सालीने घासत होतो ते डाग नव्हतेच, पॉलिश गेलेली जागा होती. तुमचा काळा ओटा कडप्पा आहे की ग्रॅनाइट याची खात्री नसेल तर कुठल्यातरी दडलेल्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवा आणि पुसा, मंद ठसा उमटला तर कडप्पा.

दगड पॉलिश करणाऱ्या मशीनवाल्याला विचारलं तर एवढ्याशा ओट्यासाठी यायला तो तयार नव्हता. मग पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, जाऊन वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक) आणले, 120, 220, 400, 600 आणि 800 नंबरचे मिळून 22 कागद, 440 रुपये. लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळायचा, ओट्यावर पाणी शिंपडायचं आणि गोल गोल घासत राहायचं. ओलंच घासायचं, कोरडं घासलं तर दगडाची धूळ घरभर होते आणि छातीत जाते. 120 ने घासताना राखाडी चिखल निघतो, दाट, डोशाच्या पिठासारखा, तो रबरी वायपरने ओढून टाकायचा, बघायचं, परत घासायचं. एक हात लांबीच्या तुकड्याला 120 चेच चाळीस मिनिटं गेले. या नंबरला घाई केली तर जुने ओरखडे पुढे 800 पर्यंत तसेच दिसत राहतात, हे मी पहिल्याच तुकड्यावर शिकले आणि तो तुकडा परत पहिल्यापासून केला.

400 झाल्यावर पहिल्यांदा काहीतरी व्हायला लागतं. तोवर दगड ओला असताना काळा आणि वाळला की राखाडी असं चाललेलं असतं, 400 नंतर वाळल्यावरही काळा राहतो. 600 ला खिडकीच्या गजांची पुसट सावली दिसायला लागली. आणि 800 झाल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास पश्चिमेकडून ऊन आत आलं तेव्हा अख्खी खिडकी ओट्यात उतरली, गज, बाहेरचं नारळाचं झाड, सगळं. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी नुसता तळहात फिरवला ओट्यावरून, दोनदा, आणि मग देवघरातलं निरांजन आणून तिथे ठेवलं, प्रतिबिंब बघायला.

पूर्ण ओट्याला मला चार सुट्ट्या लागल्या, खांदे भरून आले, पण तसं बघायला गेलं तर खर्च काहीच नाही. कडेचे उडालेले कपचे एमसीलमध्ये थोडा काळा ऑक्साइड (रंगाची पावडर) मळून भरले आणि वाळल्यावर त्याच कागदांनी घासून सपाट केले. जवळून बघितलं तर कळतं, पण हाताला लागत नाही. शेवटी मेणाचा हात दिला, मधमाशीचं मेण एक भाग आणि मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन चार भाग, डबल बॉयलरवर वितळवून, कोमट असताना सुती फडक्याने चोळायचं आणि अर्ध्या तासाने पुसून काढायचं. पूर्वी आमच्याकडे खोबरेल तेल लावायचे, ते काही दिवस छान दिसतं पण मग चिकट होतं आणि धूळ धरतं. मेणामुळे पाणी मुरत नाही, आंबटापासून मात्र ते वाचवत नाही, त्यामुळे लिंबू आता फक्त विळीखाली ताट ठेवूनच चिरायचं हा घरातला नियम झालाय.

टाइल्सचं सांगते. टाइल्स स्वतः ठणठणीत होत्या, घाण दिसत होती ती सांध्यांमधली. जुन्या काळी पांढरं सिमेंट भरायचे, ते पिवळं आणि मग काळं होतं, कितीही ब्रश मारा. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडने सांधे खरवडले, कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करा, आणि मग इपॉक्सी ग्राउट भरलं. 480 चा एक किलोचा पॅक, त्यात रेझिन, हार्डनर आणि पावडर असं वेगवेगळं येतं. आमच्या दोन फूट उंचीच्या पट्ट्याला एक पॅक भरपूर होता, पण मी पहिला पॅक दुपारी दोन वाजता, ऐन मे महिन्यात, सगळाच्या सगळा एकदम कालवला. उकाड्यात इपॉक्सी फार लवकर आवळतं, जेमतेम सिंकमागची बाजू झाली आणि भांड्यात दगड तयार. दुसऱ्या पॅकला सकाळी सहाला उठले, प्रत्येक भाग जुन्या वजनकाट्यावर मोजून तिसरा हिस्साच घेतला आणि एका वेळी दोन फूट रुंदी एवढंच भरून लगेच ओल्या स्पंजने पुसत गेले. टाइलवर राहिलेला पातळ थर त्याच वेळी निघतो, दुसऱ्या दिवशी निघत नाही. टाइल पेंट आणि स्टिकर हे दोन्ही मी गॅसच्या मागे तरी लावू नका असंच सांगेन, उष्णतेने कडा सुटतात आणि मग त्या फटीत तेल जातं.

ओटा आणि टाइल यांच्यामधल्या सांध्याला सिलिकॉन. इथे दुकानात एक गोष्ट विचारून घ्या. साधं स्वस्त सिलिकॉन, ज्याला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि चुनखडीच्या दगडाला ते चालत नाही. न्यूट्रल लिहिलेलंच घ्यायचं. इतकं घासून आणलेल्या ओट्याच्या कडेला पांढरी रेघ उठली असती तर मी रडले असते. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, मधे सिलिकॉन, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात ओढायचं आणि ओलं असतानाच टेप काढायची.

कपाटांना वॉटर बेस्ड इनॅमल दिलं, फिकट हिरवट, मांडणीच्या मागे सापडलेल्या त्या मोरपंखीच्या जवळ जाणारं. सनमायकावर रंग धरत नाही असं सगळे सांगतात, धरतो, पण आधी 180 च्या कागदाने त्याची चकाकी पूर्ण मारायची, पुसायचं, प्राइमर, एक दिवस थांबायचं, मग चार इंची फोम रोलरने दोन पातळ हात. दारं काढून बाल्कनीत आडवी ठेवून केलं. रंग हाताला दोन तासांत सुका लागतो पण कडक व्हायला चांगले दहा-बारा दिवस घेतो, तोवर दार दाबून बंद करू नका, चौकटीला चिकटतं. हँडल घेताना मात्र फसायला होतं, आमच्या जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर चार इंच होतं आणि दुकानात मिळाली ती 96 मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरचा फरक, बसतच नाहीत. 18 दारं-ड्रॉवरची भोकं बुजवून परत पाडायची तयारी केली होती, पण बुधवारी जुन्या बाजारात जुन्या मापाची पितळी हँडल्स मिळाली, 45 रुपयाला एक, चिंच लावून लखलखीत झाली. चिंच बाल्कनीत, ओट्यापासून लांब!

लाइट बदलल्यावर जो फरक पडला तो कुठल्याच रंगाने पडला नाही. जुन्या ट्यूबच्या जागी 20 वॉटची एलईडी बॅटन आणि वरच्या कपाटाखाली पट्टी. रंग 4000 केल्विनचा घेतला. आधी 6500 ची लावून बघितली होती, तिच्यात पोळी भाजली की नाही तेच कळेना, सगळं निळसर. आता वरणाचा पिवळा पिवळाच दिसतो आणि आपलीच सावली चिरण्याच्या पाटावर पडत नाही. इलेक्ट्रिशियनचे 700 दिले. वायरिंगला मी स्वतः हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका.

तीन ट्रॉल्यांचे चॅनल गंजले होते ते बदलले, सिंकखालचा पाइप बदलला. नळ बदलायचा होता पण प्लंबर दादा बघून म्हणाले, "ताई, आटे गेलेत, पाना लावला तर भिंतीतला एल्बोच हातात येईल." तो तसाच ठेवलाय. मोझॅकची फरशीही तशीच, तिला पॉलिश करायचं तर किचन पूर्ण रिकामं करावं लागेल आणि मे महिना म्हणजे सासूबाईंचं लोणचं, मसाला, साबुदाण्याच्या पापड्या, आठवडाभर किचन बंद ठेवणं आमच्याकडे शक्यच नव्हतं. एवीतेवी इंडक्शन डायनिंग टेबलवर ठेवून अर्धा स्वयंपाक तिथेच चालला होता.

आजवरचा एकूण खर्च 7,980, त्यात वाया गेलेलं ग्राउटही आलं. सगळ्यात मोठा आकडा रंग, प्राइमर आणि रोलरचा, 1,420. लाइट, चॅनल आणि हँडल मिळून 3,010, हे सगळं नव्या किचनमध्ये जाणार.

आणि आता मोठा बदल. ओटा काढायचा नाही असं ठरलंय. म्हणजे पुढच्या वर्षी पाइप बदलताना सिंकची बाजू फोडावी लागेलच, पण खिडकीकडची साडेपाच फुटांची लादी आहे तशी ठेवायची. अडचण उंचीची आहे. हा ओटा 30 इंचांचा आहे, सासूबाईंची उंची बघून तेव्हा केलेला, त्या चार फूट अकरा इंच आणि मी पाच पाच, माझी कंबर धरते. म्हणून दोघींसाठी दोन उंच्या ठेवायचा विचार आहे, खिडकीकडे त्यांची 30, गॅसच्या बाजूला माझी. माझी नेमकी किती ते आधी बघायला मी ओट्यावर जेवणाचा चार इंच उंचीचा पाट ठेवला, त्याच्यावर पोळपाट, आणि आठवडाभर तशाच पोळ्या लाटल्या. कंबर छान राहिली पण लाटताना खांदे वर उचलले जातात, जोर येत नाही. उद्यापासून तीन इंचांचा ठोकळा.