कोंबडीचे दात

दाढ ठणकायला लागली ती शुक्रवारी रात्री, नेमकी सुट्टीच्या तोंडावर. सोमवारी जवळपासच्या सात दवाखान्यांना फोन लावले. सगळीकडे एकच उत्तर: सरकारी दरात नवे पेशंट घेत नाही, खासगीत दाखवायचं तर उद्या या. गाल धरून जिन्यात उभी होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "लाइक हेन्स टीथ, माय लव्हर!"

इथे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये ‘माय लव्हर’ म्हणजे आपलं ‘बाळा’. पहिल्यांदा एका बस ड्रायव्हरने म्हटलं तेव्हा मी दचकलेच होते. पण दातांच्या डॉक्टरवरून कोंबडीचे दात कुठे निघाले?

कोंबडीला दात नसतात, म्हणून जे शोधूनही सापडत नाही ते ‘हेन्स टीथ’. आपण ‘औषधालाही मिळत नाही’ म्हणतो, जरा नटवून म्हणायचं तर उंबराचं फूल. नवं काही शिकलं की मला ते कुठेतरी खपवायचं असतंच. ऑफिसच्या फ्रिजमधलं दूध संपलेलं बघून ऐटीत म्हटलं, "मिल्क इज लाइक हेन्स टीथ!" शेजारचा हसला. समोरच्या दुकानात दूध होतं ना. नुसतं संपलं म्हणजे कोंबडीचे दात नव्हेत. जगात असावं, दहा जण मागे लागलेले असावेत आणि आपल्याच हाती लागू नये. सांगितलेल्या वेळेला येणारा प्लंबर, शनिवारी शहरात पार्किंग. वर बोलण्यात थोडा वैताग हवा. अर्जाबिर्जात मात्र हे लिहू नये. याचा चावट भाऊही आहे, झुलत्या लाकडी घोड्याची लीद. तो शब्द लीदेपेक्षा बराच खालचा वापरतात, तेव्हा साहेबासमोर जपून.

आजींनी काही वाढवून सांगितलं नव्हतं. २०२२ मध्ये बीबीसीच्या पाहणीत ब्रिटनमधले एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, दहापैकी नऊ दातांचे दवाखाने नवे प्रौढ रुग्ण घेत नसल्याचं दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याच सेंट पॉल्स भागात एक दवाखाना उघडला, तर नाव नोंदवायला एवढी रांग लागली की पोलीस आले. गंमत म्हणजे २००६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांना जनुकीय बदल झालेल्या कोंबडीच्या भ्रूणात मगरीसारखे दात फुटलेले सापडले होते. कोंबडी सुटली, आम्ही अडकलो.

दाढेने लवंगेच्या तेलावर डिसेंबरपर्यंत तग धरला. परतल्यावर आजींनी विचारलं, "मिळाला का गं डेंटिस्ट?"

म्हटलं, "मिळाला ना. नाशिकला."