आमची वाटचाल: मीटर आणि डॉक्टरांची वही

लालबागच्या गाळ्यात वडिलांनी गॅरेज टाकलं तेव्हा दारात फियाटच फियाट. कुर्ल्यात बनलेल्या त्या १०८९ सीसीच्या इंजिनावर मी शिकलो. पुढची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते २००८ चं.

एका गिऱ्हाइकाने आमच्याच भागातल्या दलालाकडून १९७२ ची फियाट घेतली. मीटरवर २८,००० किलोमीटर. धूर मारते म्हणून माझ्याकडे आणली. पेडलची रबरं कोरी, पण पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला खेळ. इंजिनाचं हेड खोललं तर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या भोकाच्या, वरच्या टोकाला नख अडकेल असा कंगोरा, इतकं ते झिजलेलं. झीज मोजायचं वडिलांचं बोअर गेज लावलं, दोनदा मोजलं. २८,००० त एवढी झीज होत नाही. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. हा एक फेरा मारून आलेला, नाहीतर मागे फिरवलेला. मी तसं तोंडावर सांगितलं.

दलालाने उठवलं की चांगले पार्ट आम्हीच काढून घेतले. चार महिने गाळा झाडून नुसते बसलो. दोन पोरं सोडून गेली, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याने तो शब्द आजतागायत मागे घेतलेला नाही, आणि मीही विसरलेलो नाही.

तेव्हा फक्त गिरगावचे डॉक्टर येत राहिले. त्यांची १९६९ ची फियाट डिलाइट. काम नसलं तरी शनिवारी यायचे, फीलर गेजने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघायला लावायचे आणि गाडी मुद्दाम दारात उभी ठेवायचे. त्यांच्या वहीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, मीटरच्या आकड्यासकट. मीटर दोनदा शून्यावरून गेलाय, झिजलेलं सिलिंडर घासून नवं करायचं काम, बोअर, एकदाच झालंय.

म्हणून सांगतो, कमी मीटर बघून भुलू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो. मुंबईच्या दमट हवेत पत्रा खालून सडतो. मॅटिंग उचला, लोहचुंबक फिरवा, सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे तो चिकटत नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेली बॉडी खिसा रिकामा करते. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ (व्हिंटेज) नंबर मिळतो, तिथेही गाडी मूळ रूपात आहे का हेच बघतात.

डॉक्टरांची आता तिसरी वही चालू आहे. सर्व्हिसला गाडी आली की आकडा मी सांगतो, लिहितात ते स्वतः.