आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या दारात पाणी येते?

सांगलीत कृष्णेच्या पुराची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. इथे घर पाहताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, हे मला चाळीस घरे पाहिल्यावर समजले. त्याआधी मीही सगळ्यांसारखे "इथे पाणी येते का?" एवढेच विचारत होतो आणि "नाही" या उत्तरावर विश्वास ठेवत होतो.

२०१९ मध्ये आम्ही गावभागात भाड्याने राहत होतो. घरमालक प्रामाणिक गृहस्थ होते. घर देतानाच त्यांनी सांगितले होते की २००५ च्या महापुरात पाणी पायरीला लागून परत गेले, आत आले नाही. ते अगदी खरे होते. २००५ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली. मधल्या त्या चार फुटांचे पाणी आमच्या घरात शिरले. आईचा शिसवी देव्हारा, मुलीची पुस्तके, वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्या त्यात गेल्या. भूतकाळातल्या एका पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा नसते, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

स्वतःचे घर घ्यायचे २०२२ मध्ये ठरले. सांगली सोडायची नव्हती. आईचे सगळे आयुष्य इथे गेले आहे आणि माझी नोकरीही इथेच आहे. त्यामुळे पाण्याची नीट चौकशी करून घर घेणे एवढाच मार्ग उरला.

सांगलीचे पाणी कसे चढते, हे आधी समजून घ्यावे लागले. शहरापाशी नदीला उतार फारच कमी आहे. पुढे हरिपूरजवळ वारणा येऊन मिळते आणि त्याहीपुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. दोन्ही नद्या भरलेल्या असल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत राहते. ते सगळीकडे काठ ओलांडूनच येते असेही नाही. जे नाले एरवी शहराचे पाणी नदीत नेतात, त्यांतूनच नदी उलटी आत येते. म्हणून नदीपासून लांब असलेले पण नाल्याशेजारचे घर काठाजवळच्या उंचवट्यावरील घराआधी बुडू शकते. नकाशावर नदीचे अंतर मोजून घर निवडणारे इथेच फसतात.

मग कागद, म्हणजे सरकारी नकाशावरच्या निळ्या आणि लाल पूररेषा. निळ्या पूररेषेच्या आतला भाग निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र मानला जातो. तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवे. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांमुळे मोठा गैरसमज होतो. "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे आता शंभर वर्षे निश्चिंती असे नव्हे, तर दर वर्षी शंभरात एक शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती अठरा टक्क्यांच्या आसपास जाते आणि निळ्या रेषेच्या पुराची तर निम्म्याहून अधिक होते. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो.

पसंत पडलेल्या पहिल्या बंगलीचा झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापरासाठी आहे याचा दाखला, काढला, तर त्यावर फक्त "निवासी" असे होते. पूररेषेचा उल्लेख हवा असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे लागेल, असे एका कार्यालयात सांगितले गेले. तसा अर्ज दिल्यावर नकाशा दुसऱ्या कार्यालयाकडे आहे असे कळले आणि तिथे सिटी सर्व्हे नंबर नकाशावर दिसत नसल्याने मोजणीचा नकाशा आणा, असे उत्तर मिळाले. यात सव्वादोन महिने गेले. ज्या माहितीवर एका कुटुंबाची आयुष्यभराची मिळकत अवलंबून आहे, ती दाखल्यावर आपणहून छापलेली असायला हवी, असे मला आजही मनापासून वाटते.

कागदाची वाट पाहताना मी त्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ फिरलो, आणि खरी माहिती तिथे मिळाली. तीन घरांच्या विजेच्या मीटरच्या पेट्या डोक्याच्या वर बसवलेल्या होत्या. खालच्या मजल्यांचे जुने लाकडी दरवाजे काढून प्लॅस्टिकचे बसवले होते. आमच्या पसंतीच्या बंगलीला नवा रंग होता, पण मागच्या भिंतीला एका सरळ रेषेपर्यंत लोणा लागलेला दिसत होता. घर विकणारे म्हणत होते, "२०२१ ला पाण्याचा थेंब आला नाही, साहेब." तेही खरेच होते, त्या वर्षी पातळी ५४ फुटांच्या पुढे जाऊन थांबली होती. २०१९ बद्दल मात्र ते बोलत नव्हते.

समोरच्या घरातल्या आजींनी आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर २०१९ ची खूण खिळ्याने कोरून ठेवली होती. आमच्या ओळखीच्या गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी आणली. एक टोक त्या खुणेला धरले, दुसरे गल्ली ओलांडून बंगलीच्या भिंतीला. खूण जोत्याच्या वर सव्वादोन फूट आली. म्हणजे आयर्विनला साधारण ५५ फूट झाले की या घराच्या फरशीवर पाणी. (खूण जवळचीच हवी, लांबची चालत नाही, कारण पुराच्या पाण्यालाही उतार असतो.) गवंड्याने नळी गुंडाळत एवढेच म्हटले, "दादा, पाणी कधी खोटी लेव्हल दाखवत नाही." त्याच संध्याकाळी आम्ही त्या घराला नकार दिला.

शेवटी घेतलेले घर पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. तिथे २०१९ मध्ये पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होते, हे विकणाऱ्या बाईंनी स्वतःहून सांगितले. घर घेण्यामागे त्या स्पष्टपणाचाही वाटा आहे. तरी मी आणखी एक गोष्ट विचारली, जी आधी कुठेच विचारली नव्हती: रस्ता किती फुटांना बंद होतो? घरात पाणी न येणे आणि घरातून बाहेर पडता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये वरच्या मजल्यांवर कोरडी राहिलेली माणसे वीज आणि पिण्याच्या पाण्यावाचून अडकून पडली आणि त्यांना बोटीने काढावे लागले. आमचा रस्ता ५४ ला बंद होतो. ताबा घेतल्यावर सोसायटीच्या पहिल्याच सभेत विजेचा मुख्य पॅनेल पार्किंगमधून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर हलवण्याचा ठराव मी मांडला. खर्चावरून वाद झाले, दोन सभा गेल्या, पण तो मंजूर झाला.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून पत्नीने एक तक्ता चिकटवला आहे. ४०, म्हणजे इशारा पातळी: कागदपत्रांची पिशवी भरायची, आईची महिनाभराची औषधे आणायची. ४५, म्हणजे धोका पातळी: दोन्ही गाड्या विश्रामबागला बहिणीकडे ठेवायच्या. ५०: आईला बहिणीकडे पोहोचवायचे. ५२: गॅस आणि वीज बंद करून सगळ्यांनी निघायचे, रस्ता बंद होण्याची वाट पाहायची नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीस पाणी इशारा पातळीजवळ आले. शेजारी म्हणाले की एवढ्याने काही होत नाही, आणि तसे झालेही नाही. आम्ही मात्र त्या दिवशी औषधे आणली, पिशवी भरली आणि वडिलांच्या पुरातून वाचलेल्या दोन वह्या सगळ्यात वर ठेवल्या.