पहिल्या सरीचा काळा ओघळ

बऱ्याच दिवसांच्या कोरडीनंतर पाऊस आला की लोक आभाळाकडे पाहतात. माझी नजर मात्र सवयीने रस्त्याच्या कडेला जाते. पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा रस्ता लगेच भिजत नाही. धूळ इतकी सुकलेली असते की थेंब तिच्यात मुरत नाही. उलट तिचेच पातळ आवरण अंगावर ओढून तो क्षणभर घरंगळतो आणि मग फुटतो. थोड्या वेळाने डांबराचा रंग गडद होतो आणि कडेच्या दगडाला लागून एक ओघळ सुरू होतो. त्याला मातीचा तांबूसपणा नसतो. तो करडा-काळा असतो, कडेने पांढुरका फेस धरतो आणि मध्येच एखादा रंगीत तवंग घेऊन पुढे सरकतो.

मातीच्या वासाचे गुणगान आजवर पुष्कळ झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण या ओघळाबद्दल कोणी चार शब्द लिहिलेले सहसा दिसत नाहीत. वास्तविक त्यावरचा तवंगसुद्धा वाकून पाहण्यासारखा असतो. इंजिनातून ठिबकलेल्या तेलाचा थेंब पाण्यावर पसरत पसरत इतका पातळ होतो, की त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागांवर येते. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग खुलवतात, काही पुसून टाकतात. खाली काळे डांबर असल्यामुळे उरलेला प्रकाश शोषला जातो आणि रंग उठून दिसतात. तेल आणखी पसरले की रंग सरकतात, फिकट होतात, आणि शेवटी नुसती रुपेरी झाक उरते.

पण तेल हा त्या ओघळाचा फार तर दर्शनी भाग झाला. खरा ऐवज बारीक भुकटीचा असतो आणि ती बहुतांशी झिजेतून आलेली असते. मोटारीच्या नव्या टायरवरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, ती १.६ मिलिमीटरवर आली की अनेक देशांच्या नियमांनुसार टायर बाद ठरतो. तोवर एका टायरचे एक ते दीड किलो रबर नाहीसे झालेले असते. टायर बदलताना आपण नवा किती टिकेल एवढेच विचारतो. जुन्याचे ते किलोभर रबर कोठे गेले, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. ते रस्त्यावरच असते, डांबराच्या आणि खडीच्या कणांशी एकजीव होऊन. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की पॅडची आणि चकतीची थोडी पूड उडते, धुराड्यांची काजळी बसते, झाडांचे परागकण आणि पक्ष्यांची विष्ठा यांचीही भर पडते. पाऊस नसतो तोवर हा थर वाऱ्याने इकडून तिकडे होत कडेला साचत राहतो.

यातील विरोधाभास मला नेहमी विलक्षण वाटतो. जे रबर गाडीला रस्त्यावर धरून ठेवण्यासाठी झिजले, तेच पहिल्या सरीत तेलाशी आणि पाण्याशी कालवले जाऊन रस्ता बुळबुळीत करते. पाऊस जोरदार असला तर हा लेप लवकर धुऊन निघतो. धोका असतो तो रिमझिम पावसाचा, जो थर भिजवतो पण वाहून नेत नाही. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीची कोरड जितकी लांबलेली, तितका पावसाच्या दिवशीचा धोका वाढलेला आढळला. दुचाकी चालवणाऱ्यांना हे अभ्यासाशिवायही ठाऊक असते.

दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला दहा लिटर पाणी. दहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावरून या हिशेबाने सुमारे एक लाख लिटर पाणी वाहते, आणि त्यातील घाणीचा मोठा वाटा बहुधा सुरुवातीच्या पाण्यातच असतो. झाडलोट करून हे टळेल असे वाटते, परंतु झाडू उचलतो तो मुख्यतः जाडसर कचरा. अमेरिकेत १९७२ साली झालेल्या रस्त्यांवरील धुळीच्या एका पाहणीत, पिठासारखे बारीक कण वजनाने एकूण धुळीच्या केवळ ६ टक्क्यांच्या आसपास भरले, पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक भाग त्यांतच सापडला.

धातूंचा हा हिशेब कधीकधी कायद्यालाही हलवतो. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत १९२० च्या दशकात सुरू झाली आणि जगातून ती पूर्णपणे बंद व्हायला २०२१ साल उजाडले; रस्त्यांलगतच्या मातीत ते शिसे अजूनही सापडते. ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये टप्प्याटप्प्याने मर्यादा आणली, कारण ते तांबे पावसाबरोबर थेट माशांपर्यंत पोहोचत होते.

माशांची सर्वांत चटका लावणारी हकीकत सिअ‍ॅटलच्या परिसरातील आहे. समुद्रातून अंडी घालण्यासाठी ओढ्यांत परतणारे कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडून गेल्यावर पृष्ठभागाजवळ गोल गोल फिरत, तोंड उघडे टाकत आणि काही तासांत मरत. पुष्कळ माद्यांच्या पोटात अंडी तशीच असत. संशोधकांनी धातू तपासले, कीटकनाशके तपासली, पण उलगडा होईना. अखेर २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. ओझोनमुळे रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये सिक्स-पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी झुंजताना त्याचे स्वतःचेच रूपांतर क्विनोन नावाच्या प्रकारातील एका दुसऱ्या रसायनात होते, आणि हे क्विनोन कोहोसाठी अत्यल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. टायर टिकाऊ करण्याचा हा हिशेब मांडताना ओढ्यातील माशाचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते.

गंमत अशी, की मारेकऱ्याचे नाव कळण्यापूर्वीच त्याला अडवण्याची युक्ती सापडली होती. रस्त्याचे पाणी वाळू, कंपोस्ट खत आणि झाडांच्या सालींचा भुगा यांच्या जाड थरातून झिरपू दिले, तर त्याच पाण्यात कोहो जगतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले होते. म्हणून आता ठिकठिकाणी रस्त्यांच्या कडेला झाडे लावलेले उथळ खळगे करतात आणि गटाराऐवजी ओघळ आधी त्यांत वळवतात. तेथील जीवाणू तेलाचा बराच भाग फस्त करतात. धातू मात्र कुजत नाहीत. ते मातीत अडकून साठत जातात, त्यामुळे केव्हातरी वरचा थर खरवडून काढावा लागतो, आणि ती माती ट्रकमध्ये भरून रस्त्यानेच दुसरीकडे न्यावी लागते.