बारा पेरं, सोळा मात्रा आणि एक चुकलेला माइक

“फाइन अँड मेलो ऐक, अप्रतिम आहे,” एवढंच लिहून मित्राला गाणं सुचवलं, तर तो नेमकं काय ऐकेल याचा भरवसा नाही. जॅझ गायिका बिली हॉलिडेचं १९३९चं मूळ ध्वनिमुद्रण आहे. ८ डिसेंबर १९५७ला सीबीएस वाहिनीवरच्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात ती हेच गाणं गायली. त्याच कार्यक्रमाच्या नावानं निघालेली एक एलपी, म्हणजे मोठी तबकडीही आहे, पण ती चार दिवस आधी स्टुडिओत वेगळी ध्वनिमुद्रित झालेली. सॅक्सवादक लेस्टर यंगच्या ज्या सोलोबद्दल, म्हणजे एकट्याच्या वादनाबद्दल, लोक भरभरून बोलतात तो टीव्हीवरचा. मित्रानं एलपी लावली तर तो विचारणार, “यात एवढं काय आहे?” आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

जॅझ, सोल आणि लॅटिन संगीतात गाणं म्हणजे नुसता आराखडा. खरी वस्तू घडते ती त्या रात्री, त्या जागी, त्या माणसांमध्ये. म्हणून आवडतं वादन कुणाला ऐकवायचं तर तारीख, जागा, कुठली आवृत्ती आणि कान कुठे लावायचा, इतकं तरी सांगायला हवं. खाली काही मैफली आहेत आणि त्या ऐकण्याच्या युक्त्या.

पहिली युक्ती बोटांवरची. ‘फाइन अँड मेलो’ हे ब्लूज प्रकारचं गाणं. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं आणि प्रत्येक बार चार ठोक्यांचा. अंगठा सोडून हाताच्या चार बोटांना पेरं बाराच असतात, आणि अंगठ्यानं पेरं मोजायची सवय आपल्याला असतेच. करंगळीच्या खालच्या पेरापासून सुरू करा. दर चार ठोक्यांनी अंगठा एक पेर वर, बोट संपलं की शेजारच्या बोटाच्या तळाशी. पहिले चार बार ‘सा’वरचा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरगुच्छ), म्हणजे घर. अनामिकेच्या मधल्या पेरावर, पाचव्या बारला, कॉर्ड मध्यमावर सरकतो. मधल्या बोटाच्या तळाशी तो घरी परततो आणि त्याच बोटाच्या टोकाशी, नवव्या बारला, पंचमावर जातो. तर्जनीच्या पहिल्या पेरावर बहुधा पुन्हा मध्यम, आणि उरलेल्या दोन पेरांत घर. चारपाच आवर्तनं अशी मोजली की पंचम यायच्या आधीच त्याची चाहूल लागते.

मोजताना चूक होते ती गायिकेच्या मागे गेल्यामुळे. बिली ठोक्यावर क्वचितच गाते, शब्द मागे रेंगाळत ठेवते. तिच्यावर विसंबलात तर अंगठा भरकटतो. मिल्ट हिंटनचा बास धरा, तो घड्याळासारखा चालतो. दुसरी चूक लयीची. हे गाणं संथ आहे आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन उपमात्रा आहेत. त्या तिनांनाच ठोके समजलात तर पेरं तिप्पट वेगानं पळतील.

आता टीव्हीवरचं वादन लावा. बिली गाते, मग बेन वेब्स्टर, आणि त्याच्या मागोमाग लेस्टर यंग. त्याला मिळालेलं आवर्तन एकच: बारा पेरं, बस्स. आजूबाजूला वेब्स्टर आणि कोलमन हॉकिन्ससारखे भरघोस स्वराचे सॅक्सवाले असताना तो मोजक्या सुरांत, कसलीही घाई न करता बोलतो. मोकळी सोडलेली जागा किती आहे ते अंगठ्याला कळतं, कारण अंगठा सरकत राहतो आणि सॅक्स गप्प असतो. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो तेव्हा तीही मान हलवत तेच ऐकते आहे. १९५९मध्ये मार्चला तो गेला आणि जुलैला ती. हे माहीत असलं की ती बारा पेरं फार जड होतात.

पेरांची तीच मोजणी आता वेगात. ७ जुलै १९५६, न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद. ‘डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू’ ही १९३७मधली रचना. तिच्या दोन भागांच्या मध्ये पॉल गोन्साल्व्हिसनं टेनर सॅक्सवर सलग २७ आवर्तनं वाजवली, म्हणजे ३२४ बार. इथे दोन्ही हात लागतात: उजव्यावर बार, डाव्यावर आवर्तनं. डाव्या हाताच्या दोन फेऱ्या होऊन करंगळीची तीन पेरं भरली की सत्तावीस. सोलोत सुरांची आतषबाजी फारशी नाही. जादू आहे ती सॅम वुडयार्डच्या ड्रम्सची आणि जिमी वुडच्या बासची. ते दोघं तसूभरही न ढळता रेटत राहतात, आणि प्रेक्षकांचा आवाज आवर्तनागणिक चढत जातो. तो चढता आवाज हा या वादनाचाच एक भाग आहे, त्याला पार्श्वभूमी समजू नका. शेवटी कॅट अँडरसनचा ट्रम्पेट इतका उंच जातो की लहान स्पीकर तिथे हमखास चिरकतो. आवाज आधीच थोडा कमी करून ठेवा.

या ध्वनिमुद्रणाची आवृत्ती मात्र जपून निवडा. मंचावर कोलंबिया कंपनीचे माइक होते आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा स्वतंत्र माइक होता. गोन्साल्व्हिसनं सोलो वाजवला रेडिओच्या माइकमध्ये. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर सॅक्स दूर कुठेतरी वाजतोय असं वाटतं आणि १९५६च्या एलपीवर तो तसाच आला. शिवाय त्या कार्यक्रमातले काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या जोडल्या होत्या. पुढे रेडिओची टेप सापडली आणि १९९९मध्ये दोन्ही टेप जुळवून संपूर्ण मैफल निघाली. एक टेप एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला, असा तिचा स्टिरिओ आहे. ऐकायची ती हीच. दोन्ही असतील तर आधी जुनी तीन मिनिटं लावा, मग नवी. माइक चुकला म्हणजे काय झालं हे समजावून सांगावं लागत नाही.

आडनाव वाचून गोवेकरांचे कान टवकारतील, पण पॉल गोन्साल्व्हिसचे आईवडील केप व्हर्देचे. नाळ आहे ती पोर्तुगीज राजवटीची, जिच्यामुळे तेच आडनाव गोव्याच्या सॅक्सवादक ब्राझ गोन्साल्व्हिसकडेही आलं. १९६३मध्ये एलिंग्टनचा वाद्यवृंद भारतात आला तेव्हा मुंबईतही वाजला. त्याआधी तीसएक वर्षं मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक जॅझ वाजवत होतेच. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला.

पुढच्या मैफलीकडे जाण्याआधी वेगाची एक गोष्ट तपासायची सवय लावून घ्या. इंटरनेटवरच्या जुन्या चित्रफितींचा सूर पुष्कळदा चढलेला असतो. सेकंदाला २४ चौकटींवर घेतलेली फिल्म युरोपीय टीव्हीसाठी २५ चौकटींवर चालवली की वेग सुमारे ४ टक्के वाढतो आणि पट्टी जवळपास पाऊण अर्धस्वरानं वर जाते. गाणारीचा आवाज किंचित बालिश आणि ड्रम्स उतावळे वाटले की हा संशय घ्यावा. फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप लावा. मूळ ध्वनिमुद्रणाचा ‘सा’ जुळवा आणि तोच चित्रफितीशी ताडून पाहा. पट्टी दोन काळ्या-पांढऱ्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल तर वेग बिघडलेला आहे. मग प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा, मात्र सूर कायम ठेवण्याची सोय बंद करून. ती चालू राहिली तर लय सुधारते आणि सूर चढलेलाच राहतो.

लॅटिन संगीत ऐकताना आपल्या कानाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सम. आपण सम शोधत बसतो आणि तिथे बास वाजतच नाही. त्यासाठी सोळा मात्रा मोजा, तीनतालाच्या असतात तेवढ्याच. टाळ्या द्या १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. ही झाली ‘सोन क्लावे’, तीन-दोनची. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. तीनतालाच्या टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. म्हणजे दोघांत पहिली आणि तेरावी तेवढी जुळते, बाकी हात सवयीनं चुकीच्या जागी पडतो. सुरुवातीला सोळा मात्रा सहा सेकंदांत बसवा, मग हळूहळू अडीच-तीन सेकंदांवर आणा. हात चौथ्या मात्रेऐवजी पाचवीवर पडू लागला तर वेग कमी करून पुन्हा सुरू करा. नेहमीची चूक हीच आहे आणि तिनं लयीचा सगळा डौल निघून जातो.

क्लावे हातात बसली की बास ऐका. त्याचे सूर ४, ७, १२ आणि १५ या मात्रांवर. पहिली आणि नववी रिकामी. सातव्या मात्रेवरचा सूर पुढच्या बारच्या (इथे आठ मात्रांचा एक बार) कॉर्डचा असतो, म्हणजे बास पुढच्या घरात आधीच पाऊल टाकून उभा असतो. या संगीतात माणूस बसल्या जागी पुढे ओढला जातो तो यामुळे. काँगा या उंच, हातानं वाजवायच्या ढोलावर दोन खुले, घुमणारे ठोके ७ आणि ८ वर, पुन्हा १५ आणि १६ वर. हरवलात तर या दोन घुमाऱ्यांची वाट पाहा, त्यांच्या लगेच पुढे १ किंवा ९. काही गाण्यांत क्लावे उलटी, दोन-तीनची असते. तेव्हा टाळ्या ३, ५, ९, १२ आणि १५ वर. एका पद्धतीनं खटकलं तर एक बार सरकवून बघा, दोहोंतली एक बरोबर बसते.

याचा सराव करायला फानिया ऑल-स्टार्स या सालसा वाजवणाऱ्या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाची २६ ऑगस्ट १९७१ची तिथल्याच चीता क्लबमधली मैफल लावावी. ‘कीताते तू’ हे तिथलं लांबलचक गाणं. नावाचा अर्थ, ‘तू हो बाजूला, मला उभं राहू दे’. कोरस तीच ओळ परत परत म्हणतो आणि मधल्या जागेत एकेक गायक पुढे येऊन आयत्या वेळी रचलेल्या ओळी टाकतो. हेक्तोर लाव्हो आहे, इस्माएल मिरांदा आहे, चेओ फेलिसियानो आहे. कोकणात ज्यांनी डबलबारी ऐकली आहे त्यांना या चुरशीची ओळख करून द्यायला नको. चेओचंच ‘आनाकाओना’ही ऐका. कडवी संपून कोरसची देवाणघेवाण सुरू झाली की बाँगोवाला बाँगो (छोट्या ढोलांची जोडी) सोडून हातात घंटा घेतो आणि सगळं एकदम उजळतं. ती घंटा लागण्याची जागा ओळखता आली की सालसाची बांधणी कळू लागते.

फानियाच्याच ‘लाइव्ह अॅट यांकी स्टेडियम’बद्दल मात्र सांभाळून. २४ ऑगस्ट १९७३च्या त्या कार्यक्रमात रे बारेत्तो आणि मोंगो सांतामारिया यांच्या काँगांची जुगलबंदी रंगली, लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले आणि कार्यक्रम तिथेच थांबला. अल्बमवरचं बरंचसं वादन नंतरचं, प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रोबेर्तो क्लेमेन्ते कोलिसियमधलं आहे. वादन उत्तमच आहे, पण पाठवताना ‘हाच तो गोंधळ’ असं लिहू नका.

सोलमध्ये एकच ध्वनिमुद्रण निवडायचं तर गायक डॉनी हॅथवेचं १९७२चं ‘लाइव्ह’. पहिली बाजू हॉलिवुडच्या ट्रूबाडोर क्लबमधली, दुसरी न्यूयॉर्कच्या बिटर एंडमधली. ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ सुरू होतं आणि मुखडा प्रेक्षकच गाऊ लागतात, सगळा क्लब, सुरात. टाळ्या पडतात दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपला हात पहिल्या-तिसऱ्यावर जातो, म्हणून आधी पायानं १ आणि ३ धरा, मग टाळी आपोआप मधल्या जागी पडते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, ‘व्हॉइसेस इनसाइड’मध्ये, हॅथवे बासवादक विली वीक्सचं नाव घेतो आणि मग बासचा सोलो. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर त्याच्या पुष्कळ वरच थांबतो, त्यामुळे फोनवर तुम्हाला बासची नुसती टकटक मिळते. साधे वायरवाले इअरफोन त्याहून कितीतरी बरे. स्पीकर असेल तर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि ‘बास बूस्ट’ बंद करा. बूस्टमुळे सूर एकमेकांत मिसळतात, आणि या सोलोत तर दोन सुरांमधली शांतताच ऐकायची आहे.

आणि अरेथा फ्रँकलिन. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, लागोपाठ दोन रात्री, सोबत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि समूहगायक. ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी, बासवर चक रेनी. ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम त्याच वर्षी आला, चित्रपट मात्र २०१८पर्यंत अडकून पडला. चित्रीकरण करताना क्लॅपर (चित्र आणि आवाज जुळवायला आपटतात ती पाटी) वापरलाच नव्हता, त्यामुळे कुठलं चित्र कुठल्या आवाजाबरोबर जातं हे जुळवता येईना. ते काम संगणकाचं तंत्र आल्यावर मार्गी लागलं. आधी अल्बम ऐका, डोळे मिटून, आणि मग चित्रपट पाहा. त्यात अरेथाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि समूहातले लोक गाणं विसरून उभे राहिलेले दिसतात. नुसतं ऐकताना मध्येच ज्या आरोळ्या येतात त्या कुणाच्या, हे तेव्हा कळतं.

मित्राला पाठवायचा निरोप असा लिहिता येईल: “एलिंग्टन, न्यूपोर्ट, ७ जुलै १९५६. १९९९ची स्टिरिओ आवृत्तीच लाव. डिमिन्युएन्डो, सुमारे साडेचौदा मिनिटं. सॅक्स सुरू झाला की उजव्या हातावर बार मोज, डाव्यावर आवर्तनं. डावी करंगळी तिसऱ्यांदा भरली की मला फोन कर.”