तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन फुकट, तरी माणसं का येत नाहीत?

नेत्रशिबिरांचं काम करतो म्हटलं की हमखास विचारणा होते, "मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट करून देता ना? मग तरी लोक आंधळे का राहतात?" विचारण्यात थोडा वैताग असतो. गरिबांना कळत नाही, असा एकूण रोख.

कळतं हो. पण फुकट असतं ते फक्त ऑपरेशन. ज्याला दिसत नाही तो एकटा येणार कसा? सोबत कोणीतरी हवं, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. गाडीभाडं दोघांचं. बाईमाणसाचा नंबर तर सगळ्यात शेवटी. एक आजी होत्या. बॅटरी मारली तर दोन्ही बाहुल्या पांढऱ्या. समोर धरलेली बोटं मोजता येईनात; हात हलवला तेवढा कळायचा. म्हणाल्या, "या वयात मला काय बघायचंय!" खरं कारण सुनेनं सांगितलं: ती सासूबरोबर आली तर घरी तान्ह्या बाळाला कोण बघणार?

त्यात 'पिकू द्या' म्हणणारे असतातच. पूर्वी मोतीबिंदू काढून जाड भिंगाचा चष्मा द्यायचे, तेव्हा थांबण्याला अर्थ होता. आता डोळ्यातच कृत्रिम भिंग बसतं. फार दिवस राहिलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब वाढवू शकतो. त्यात नस गेली की ऑपरेशन करूनही नजर परत येत नाही.

हे स्वस्तात कसं करायचं, ते कोडं बरंचसं सुटलंय. मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. १९९२ मध्ये त्यांच्याच ऑरोलॅबनं भिंगं बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू दहा डॉलरच्या आत आली. महागडं यंत्र न लागणारी, बिनटाक्याची शस्त्रक्रियाही आहे. तरी २०१९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात किमान १०० कोटी लोक असे निघाले, ज्यांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा ज्यांना अजून उपचार मिळालेले नाहीत. (यातल्या बहुतेकांना हवाय तो नुसता जवळचा चष्मा! त्यावर कोणी भाषण ठोकत नाही.)

म्हणून पत्रकं छापण्यापेक्षा गाडी पाठवा, असं माझं ठाम मत. पेशंटला दारातून न्या, जेवू घाला, दारात आणून सोडा. जिचं ऑपरेशन झालंय अशी शेजारीण गाडीत बसवा, भीती तीच घालवते. आणि घरी थेंब कोण घालणार हे आधीच ठरवा, काही आठवड्यांनी नजर पुन्हा तपासा. एक डोळा बिघडला तर पुढच्या शिबिराला त्या गावातून कोणी फिरकत नाही, आणि त्यांचं चूकही नसतं.

लहान मुलांचं मात्र वेगळं. बाळाची बाहुली पांढरी दिसली तर हंगाम, मजुरी, काहीही मध्ये आणू नका. मेंदू बघायला शिकतो तो त्याच वयात. शिवाय तो मोतीबिंदूच असेल असं नाही, डोळ्यातला कॅन्सरही असू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.