सून असावी तर अशी

धाकटीच्या मेंदीआधी काल घरी मलिदा झाला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. ‘एलियाहू हन्नाबी’ हे एलिया संदेष्ट्याचं गाणं म्हणून झालं आणि आईने मला पुढे ढकललं. आपल्यात, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंमध्ये, कीर्तनं 1880पासून चालू आहेत, अब्राहाम, योसेफ, मोशे सगळे साकी-दिंडीच्या चालीत बसवून झालेत. म्हणून मी बायबलमधली रूथ घेतली. खरं तर स.साठी घेतली.

तुझ्या वाटेला माझे पाय, तुझ्या उशाशी माझी रात.

या ओळीला मुद्दाम स.कडे बघून गायले. संपल्यावर आत्याने डोळे टिपले. म्हणाली, ‘सून असावी तर अशी!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जाऊ दे.

कळलं नाही त्यांना, की कळलं आणि वरून पदर ओढला? रूथ हे नामीला, म्हणजे सासूलाच म्हणते, कबूल. पण उशाशी रात? सासूच्या?

त्या संत्र्याचंही असंच झालं. 1980च्या दशकात अमेरिकेत सुझॅना हेशेल या विदुषीने पेसाहच्या सणाला सेदेरच्या, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या, ताटात संत्रं ठेवलं, ते लेस्बियन आणि गे ज्यूंसाठी. मग गोष्टच फिरली: म्हणे कुणी पुरुष तिला बोलला, सिनेगॉगच्या व्यासपीठावर बाई म्हणजे सेदेरच्या ताटात संत्रं. लोक संत्रं अजून ठेवतात. आमचं नाव तेवढं गळलं.

धाकटी परवा खुप्पाखाली, लग्नाच्या छताखाली, उभी राहील. आमच्यासारख्यांच्या लग्नाला सुप्रीम कोर्टाने 2023मध्ये संसदेचा रस्ता दाखवला. असो.

पुन्हा तेच. कळलं असेल का?

लोकलमध्ये स.ला विचारलं. ती मलिद्याचा डबा मांडीवर घेऊन निवांत. म्हणाली, ‘तुझ्या आत्याने सासूचं अंथरुणातलं सगळं केलंय ना? उशाशी रात म्हणजे काय, ते तिला कळणार नाही तर कुणाला?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जरा रागही आला. एवढी जिवावर उदार होऊन ओळ लिहावी आणि ती आधीच आत्याची निघावी!

सकाळी आत्याचा मेसेज: ‘ते गाणं पाठव. सुनेकडून पाठ करून घेते. परवा हॉलवर म्हणेल.’

पाठवलं. माझ्याकडे निदान बघायला स. होती. ती बिचारी आत्याकडे बघून गाणार.